डाव्या भिंतीतलं पाणी

चष्मेवाल्यांच्या सेटला 'छान वाजतो' असं कुणी म्हटलं की ते मनापासून दुखावत. वाजतो तो भोंगा. वाजते ती दाराची बेल. त्यांचा सेट वाजत नसे, तो वस्तूच खोलीत आणून ठेवत असे. सतारीची रेकॉर्ड लावली की सतार येऊन बसायची, तिच्यामागून सतारवाला यायचा, आणि त्याला त्या दिवशी सर्दी झालेली असली तर तीही यायची. हे सगळं ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगत. गिऱ्हाईक बिचारं नाकावर तपासणीची जड फ्रेम घेऊन समोरची अक्षरं ओळखत बसलेलं असे, त्यामुळे त्याला उठून पळता येत नसे. धंदा डोळ्यांचा आणि सगळा जीव कानात, अशी चष्मेवाल्यांची गत होती.

घरातली मधली खोली सेटची होती. म्हणजे भाड्याच्या पावतीवर ती चष्मेवाल्यांची होती, पण तिथे राहत होता सेट. दोन स्पीकर माणसाच्या उंचीचे. त्यांच्या पेट्या चष्मेवाल्यांनी सुताराच्या डोक्यावर बसून करून घेतल्या होत्या, आणि आवाज पोकळ येऊ नये म्हणून दुहेरी फळ्यांच्या मध्ये वाळू भरली होती. एका पाहुण्याने डावी पेटी कपाट समजून तिचं हँडल शोधलं होतं, कोट टांगायला. भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून गाद्या ठोकल्या होत्या. त्यामुळे मुक्कामाला आलेले पाहुणे सतरंजीवर झोपत आणि रात्रभर भिंतीवरच्या गाद्यांकडे बघत. खोलीच्या मधोमध एकच खुर्ची. तिच्या चारी पायांखाली रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. खुर्ची पट्टीवरून बोटभर सरकली तरी सतारवाला उजव्या पेटीत जाऊन बसतो, असं चष्मेवाल्यांचं म्हणणं होतं. त्यांची बायको तिच्याभोवतीनं केर काढायची.

बायको घरी शिवणकाम करायची. तिचं शिलाई मशीन न्हाणीघराच्या वाटेवर, बोळकंडीत होतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला अंगठा ठेचून घ्यायचा. त्या मधल्या खोलीत उजेड किती चांगला येतो, हे ती अधूनमधून बोलून दाखवायची. पण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली तेव्हा मात्र तिनं बोलून दाखवणं सोडलं आणि निकालच दिला. या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. चष्मेवाल्यांनी ढोलांची रेकॉर्ड लावली होती आणि खाली बाईंच्या शोकेसमधले कप एकेक पाऊल टाकत काठापर्यंत चालत आले होते. एक कप पुढे गेला. त्याचे तुकडे कागदात बांधून बाई वर घेऊन आल्या आणि बायकोच्या हातात देऊन गेल्या.

बायकोने तुकडे सेटवर ठेवले. "आता आणखी एक तक्रार आली," ती म्हणाली, "की ही दोन्ही कपाटं बाहेर आणि माझं मशीन आत."

चष्मेवाले म्हणाले की ती कपाटं नाहीत. बायको म्हणाली की बाहेर गेल्यावर ती काय आहेत याच्याशी तिला कर्तव्य नाही.

अशात मेहुणा जेवायला आला. बायकोचा धाकटा भाऊ. माणूस सरळ, हसतमुख, पण चष्मेवाल्यांच्या लेखी खाटीक. तो गाणी फोनवर ऐकायचा. त्या दिवशी पानावर बसल्या बसल्या त्याने गाणं लावलं, ते बारीक वाटलं म्हणून समोरचा रिकामा पेला ओढला आणि फोन उभाच्या उभा त्यात टाकला. आवाज दुप्पट झाला.

"बघा भाऊजी," तो म्हणाला, "आपला पण सेट."

चष्मेवाल्यांच्या घशात घास अडकला. घास खाली उतरल्यावर त्यांनी पेला, फोन आणि मेहुणा या तिघांविषयी आपलं मत सविस्तर सांगितलं. मेहुणा जेवता जेवता ऐकत होता. शेवटी तो म्हणाला की आवाज तो आवाज, खऱ्याची सर कुठल्याच यंत्राला यायची नाही, मग उगाच भिंतीला गाद्या कशाला. हे वाक्य चष्मेवाल्यांच्या वर्मी बसलं. पुढच्या रविवारी ये, त्यांनी बजावलं. डोळे मिटून बस. समोर खरी वस्तू आहे की माझा सेट आहे, हे तुला ओळखता आलं तर मी यापुढे तुझ्या पेल्यात कान घालून गाणी ऐकेन.

त्यासाठी त्यांनी एक खास रेकॉर्ड मागवली. नुसत्या पाण्याची. गाणं नाही, वाद्य नाही, एका बाजूला झरा आणि दुसऱ्या बाजूला नळ. सेट किती खरा आहे हे पारखण्यासाठीच अशा रेकॉर्ड निघतात, असं त्यांनी बायकोला समजावलं. बायकोने विचारलं की आपल्याकडे नळ आहे, तो चालणार नाही का. त्यावर चष्मेवाले भिंतीवरच्या गाद्या ठाकठीक करायला लागले.

रविवारी सकाळी बायको भावाला घेऊन अस्तराचं कापड आणायला बाजारात गेली. घर रिकामं. चष्मेवाल्यांनी कंबर कसली. सेटच्या वायरी जमिनीला टेकलेल्या असल्या तर जमीन त्यातला जीव शोषून घेते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी गॅलरीत जाऊन कपडे वाळत घालायचे सगळे चिमटे काढून आणले, त्यांची छोटी छोटी घोडी केली आणि एकूण एक वायर अधांतरी उचलून धरली. खोलीत जणू मुंग्यांसाठी विजेचे खांब टाकले होते. मग त्यांनी पडदे ओढले, रेकॉर्ड पुसली, सुई अलगद टेकवली, आणि खुर्चीत बसून डोळे मिटले.

आधी काहीच ऐकू आलं नाही. सुईची खरखरसुद्धा नाही. चिमट्यांचा गुण, चष्मेवाल्यांनी मनात नोंदवलं. आणि मग त्या शांततेतून पाणी आलं.

चष्मेवाल्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. असा आवाज त्यांच्या सेटने आजवर दिला नव्हता. पाणी पेटीतून येतच नव्हतं. ते डाव्या पेटीच्या मागे, पार भिंतीच्या पोटात होतं. बारीक धार, मधेच अडखळणारी, मग पुन्हा मोकळी होणारी. तिला खोली होती. तिला गारवा होता. मिटल्या डोळ्यांनी त्यांना ओल्या विटेचा वाससुद्धा आला, आणि इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आज झालं होतं. हलायचं भान त्यांना राहिलं नाही. झरा संपत आला असेल, रेकॉर्ड उलटायची वेळ झाली असेल, त्यांनी काही बघितलं नाही. धार चालू होती आणि चष्मेवाले तिच्या काठाशी बसले होते.

दाराची बेल वाजली. तिच्या कर्कशपणाची त्यांना शिसारी आली.

दारात खालच्या बाई उभ्या होत्या. एका हातात चष्मेवाल्यांच्याच घरची ओली चादर, दुसऱ्या हातात काठी, मागे पिशवी घेतलेला प्लंबर. चादर आमच्या गॅलरीत पडली, बाई म्हणाल्या, तिला चिमटा नव्हता. पण मी त्यासाठी आले नाही.

"तुमच्या भिंतीत पाणी वाहतंय. मघापासून मला खाली स्पष्ट ऐकू येतंय."

या त्याच बाई, ज्यांना ढोल म्हणजे कटकट आणि सतार म्हणजे भुणभुण वाटायची. आणि आज मजला ओलांडून गेलेलं पाणी त्यांना पाणी वाटलं होतं. इतकं पाणी वाटलं होतं की त्या सुट्टीच्या दिवशी प्लंबरला उठवून घेऊन आल्या होत्या. चष्मेवाल्यांना बाईंना मिठी मारावीशी वाटली. पण त्याच क्षणी त्यांना आठवलं की ही तक्रार आहे, आणि तक्रारीला घरात काय शिक्षा ठरलेली आहे. त्यांनी चेहरा जमेल तितका कोरा केला आणि म्हटलं, असं का, या, बघा.

बघून काही सापडणार नव्हतंच. बघतील, मान हलवतील आणि जातील, असा त्यांचा हिशेब होता. मधल्या खोलीचं दार त्यांनी जाता जाता ओढून घेतलं. आत जाऊन सुई उचलावी असं क्षणभर वाटलं, पण मनाने ते मानलं नाही. एक मुख्याध्यापिका फसली होती. प्लंबर फसतो का, हे बघायची संधी जन्मात पुन्हा आली नसती.

प्लंबर बोळकंडीत मशीनला अंगठा ठेचून न्हाणीघरात गेला आणि त्याने भिंतीला कान लावला. बाईंनी शेजारी कान लावला. चष्मेवाले दाराशी उभे राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखे.

"आहे," प्लंबर म्हणाला. "सांधा सुटलाय आत."

"नक्की पाणीच आहे?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"पाणी नाही तर काय दूध असणार, साहेब?"

"नाही, म्हणजे ऐकायला कसं वाटतं? अगदी खरं वाटतं?"

प्लंबरने कान काढला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच त्याला दुर्लक्ष करायला सांगितलं. पण चष्मेवाल्यांचा पाय आता निघेना. धार जवळ वाटते की लांब, पातळ वाटते की भरीव, पाइप केवढा असेल, असं ते विचारत राहिले, आणि प्लंबरच्या प्रत्येक उत्तराला त्यांचा चेहरा फुलत गेला. गळतीची बातमी ऐकून इतका सुखावलेला घरमालक किंवा भाडेकरू प्लंबरने बघितला नसावा.

मग प्लंबरने पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला आणि सांगितलं की इकडून फरशी आहे, ती फुटेल, भिंत पलीकडच्या खोलीतून फोडलेली बरी.

चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. पलीकडे डावी पेटी होती. पलीकडे गाद्या होत्या, पट्ट्या होत्या, अधांतरी वायरी होत्या. ते धावत जाऊन मधल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. नेमकी तेव्हाच बायको आणि मेहुणा अस्तराचं गाठोडं घेऊन घरात शिरली. बोळकंडीत प्लंबर हातोडा घेऊन, बाई काठी आणि ओली चादर घेऊन, आणि आपला नवरा दाराला पाल चिकटावी तसा, हे बायकोने पाहिलं आणि गाठोडं मशीनवर ठेवलं.

बाईंनी थोडक्यात तिला सगळं सांगितलं. भिंतीत पाणी वाहतंय आणि हे गृहस्थ भिंत फोडू देत नाहीत.

आता खरं सांगितलं तर सेट जाणार, आणि नाही सांगितलं तर भिंत जाणार, अशा कात्रीत चष्मेवाले सापडले. पण खरी गोष्ट अशी की त्यांना ती कात्री वाटलीच नाही. मेहुणा समोर उभा होता. साक्षीला शिकलेल्या बाई होत्या, कसलेला प्लंबर होता. सेट जायचाच असेल तर असा जावा, मान ताठ ठेवून. त्यांनी हात खाली घेतले, शर्ट ठीक केला आणि बोलायला सुरुवात केली.

"हे पाणी नाही. हा माझा सेट आहे. तुम्ही मघापासून ऐकताय ती रेकॉर्ड आहे."

मग चष्मेवाले सुटलेच. बाईंची तक्रार त्यांना मान्य होती, तिची शिक्षाही मान्य होती, पेट्या उद्या उचला म्हणाले. पण ज्या लोकांनी आजवर त्यांना वेडा म्हटलं, त्यांच्या गाद्यांना हसलं, पेल्यात फोन टाकून त्यांना सेट दाखवला, त्या सगळ्यांनी हेही ऐकून घ्यावं की ज्याचं आयुष्य नळात गेलं त्या माणसाने त्यांच्या सेटला पाइप समजून हातोडा काढला होता. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांना नको होतं. मेहुण्याने तोंड उघडं टाकलं होतं. बाई काठीवर रेलून विचारात पडल्या होत्या. प्लंबरने हातोडा हळूच पिशवीत ठेवला. बायकोच्या चेहऱ्यावर राग होता, पण रागाच्या कडेला किंचित कौतुकही होतं, ते चष्मेवाल्यांनी बरोबर टिपलं.

"या," त्यांनी दार उघडलं. "आता तुमच्या डोळ्यांदेखत पाणी बंद करतो."

सगळे आत गेले. पडदे ओढलेले, काळोखी, आणि डाव्या भिंतीतून ती धार. मेहुण्याने सुद्धा आपसूक चपला काढल्या. चष्मेवाले वरातीत मिरवावं तसे रेकॉर्डपाशी गेले आणि सुई उचलायला हात पुढे केला.

सुई जागेवर नव्हती. रेकॉर्ड कधीच संपली होती आणि सुईचा दांडा शहाण्यासारखा आपल्या खाचेत जाऊन पडला होता. रेकॉर्डकडून सेटमध्ये जाणारी वायर सेटमधून निघाली होती. चिमट्याने तिला धरून ठेवलं होतं आणि ती वाळत घातल्यासारखी लटकत होती.

धार चालू होती.

चष्मेवाल्यांनी सेटचं बटण बंद केलं. धार चालू होती. त्यांनी भिंतीतलं बटण बंद केलं. धारेने मधे जरा अडखळून पुन्हा सूर पकडला. खोलीत सगळे श्वास रोखून ऐकत होते. इतक्या एकाग्रतेने या खोलीत आजवर कुणी काही ऐकलं नव्हतं.

"भाऊजी," मेहुणा हळू आवाजात म्हणाला, "बंद करताय ना?"

प्लंबरने हातोडा परत बाहेर काढला.

पुढचं सगळं फार भराभर झालं. गादी उतरली, छिन्नी बसली, दोन-चार घावांत एक वीट निघाली आणि तिच्यामागून पाण्याचा फवारा थेट डाव्या पेटीवर आला. चष्मेवाल्यांनी मागचा-पुढचा विचार केला नाही. ते पेटी आणि फवारा यांच्यामध्ये गेले, पेटीला कवळ घालून पाठीवर पाणी घेत उभे राहिले, आणि प्लंबर खाली जाऊन कॉक बंद करून येईपर्यंत हलले नाहीत. बायको गाद्या ओढत होती, मेहुणा वायरी गोळा करत होता, आणि बाई, ज्यांनी आयुष्यभर शाळा चालवली होती, दारात उभ्या राहून कुणी काय उचलायचं ते काठीने दाखवत होत्या. पाणी थांबलं तेव्हा चष्मेवाल्यांच्या अंगावर कोरडा म्हणून कपडा राहिला नव्हता. पेटी मात्र वरून कोरडी होती.

प्लंबरने सुटलेला सांधा बदलला आणि सांगितलं की आणखी थोडे दिवस कुणाच्या लक्षात आलं नसतं तर बाईंचं छत खाली आलं असतं.

सगळे गेल्यावर बायकोने मशीनचं आवरण काढलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. पण चष्मेवाले टॉवेल गुंडाळून वाद घालायला तयार होते. तक्रार आली, हे त्यांना कबूल होतं. पण कशाची आली? पाण्याची. सेटची नव्हे. त्या वेळी सेटने तोंडातून ब्र काढलेला नव्हता, त्याची वायरच निघालेली होती, आणि याला चार साक्षीदार होते. बायको म्हणाली, तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर कबुली दिलीत. चष्मेवाले म्हणाले की ती चुकीची कबुली होती, आणि न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही. बायकोने त्यांच्या टॉवेलातून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघितलं. मग मशीनवर आवरण घातलं. भिजलेल्या माणसाशी भांडायला तिला जमत नव्हतं.

भिंतीला गिलावा झाला, गाद्या वाळल्या, आणि पुढच्या रविवारी चष्मेवाल्यांनी मेहुण्याला पुन्हा बोलावलं. बायको म्हणाली, आता पुरे करा. ते म्हणाले, परीक्षा झालेलीच नाही, मग निकाल कसा लागेल? खालच्या बाईंनाही आमंत्रण गेलं. त्या आल्या, हे विशेष. त्यांना एकुलती खुर्ची मिळाली. बाकीचे मागे उभे राहिले. चष्मेवाल्यांनी या वेळी प्रत्येक वायर दोनदा ओढून पाहिली, सुई टेकवली आणि सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं.

रेकॉर्ड सुरू झाली. चष्मेवाले एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मेहुणा म्हणाला, पत्र्यावर पाऊस पडतोय. बाई थोडा वेळ ऐकून म्हणाल्या की बक्षीस समारंभात मुलं अशाच टाळ्या वाजवायची, अध्यक्षांचं भाषण संपल्यावर. बायकोने नाक वर केलं, वास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, "काही तळताय का?"

पाणी कुणीच म्हणालं नाही.

चष्मेवाल्यांनी रेकॉर्ड उलटली. नळाची बाजू. मेहुण्याच्या मते ते विमान होतं. बाईंनी डोळे उघडले आणि चहाबद्दल विचारलं.

चष्मेवाल्यांनीही ऐकलं होतं. त्यांचे कान खोटं बोलत नसत, तीच त्यांची अडचण होती. पण खोलीतले तिघेही त्यांच्याकडे बघत होते आणि त्यात मेहुणा होता. त्यांनी सुई उचलली, रेकॉर्ड पुसली, पाकिटात घातली.

"त्याचं असं आहे," ते शांतपणे म्हणाले, "की त्या दिवशी तुम्ही सगळ्यांनी भिंतीतलं पाणी ऐकलंत, आणि तुमचे कान बिघडले. ते पाणी बरोबर नव्हतं. त्याचे वरचे सूर फार चढे होते आणि खालचे जवळजवळ नव्हतेच. ही रेकॉर्ड बरोबर आहे."

बाई उठल्या, म्हणाल्या की उत्तर चुकलं तरी मांडणी नीटनेटकी आहे, आणि गेल्या. मेहुणा जिन्यात पोचल्यावर हसला. एवढी माणुसकी त्याच्यात होती.

खोलीत नवरा-बायको उरली. बायको जाऊन खुर्चीत बसली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मला ते भिंतीतलं आवडलं होतं. काळोखात सगळे उभे होतो ना, तेव्हा."

चष्मेवाले पाकिटाची कड सारखी करत बसले. "मलाही," ते म्हणाले. मग त्यांचे खांदे पुन्हा ताठ झाले. "पण त्याचा उपयोग काय? खऱ्या पाण्यात हाच तर दोष आहे. हवं तेव्हा पुन्हा लावता येत नाही. मी इतकी वर्षं तेच सांगतोय."

बायको उठली. बोळकंडीतून तिच्या पावलांचा आवाज न्हाणीघरात गेला, आणि नळ सोडल्याचा आवाज आला. धार बादलीत पडू लागली, गार, भरीव, भिंतीपलीकडून अगदी हाताशी आल्यासारखी.

"घ्या," ती तिकडून म्हणाली. "लावलं."

चष्मेवाले खुर्चीत बसले. चारी पाय पट्ट्यांवर आहेत ना हे त्यांनी वाकून पाहिलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ मन लावून ऐकलं. मग त्यांनी खोलीतूनच ओरडून सांगितलं,

"नुसत्या डाव्या बाजूने येतंय."